आधी बाळाची सीट, मग गाडी: धायरीच्या एका घराची गाडीखरेदी

घर पुण्यात, धायरीला. माणसं चार: नवरा, बायको, नवऱ्याची आई आणि दहा आठवड्यांची मुलगी. दारात २०२१ ची फोक्सवागन पोलो, एक लिटर टर्बो पेट्रोल, ११० पीएसची (पीएस हे अश्वशक्तीचं माप). नवऱ्याने हौसेने घेतलेली. रविवारी पहाटे जुन्या कात्रज घाटाने शिरवळपर्यंत जायचं आणि चहा पिऊन परत यायचं, हा त्याचा लग्नाआधीपासूनचा नेम. बायकोचं माहेर चिपळूण, म्हणजे उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट हा रस्ता वर्षातून पाच-सहा वेळा ठरलेला.

अडचण बाळ घरी आल्यावर आठवडाभरात कळली. बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट पोलोत डाव्या बाजूला लावली की पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागे, की आजींचे गुडघे आणि ग्लोव्हबॉक्स यांच्यात दोन बोटं जेमतेम उरत. डिकी २८० लिटरची. तिच्यात बाबागाडी घातली की बाकी सगळं सामान माणसांच्या मांडीवर. तरीही पोलो वाईट गाडी ठरत नाही. तिच्याकडून जे काम मागितलं जात होतं, ते बदललं होतं.

मागणी अशी होती: ऑन-रोड २१ लाखांच्या आत, ऑटोमॅटिक, पेट्रोल, मागे बाळाची सीट लावून पुढे आजी आणि मागे आई नीट बसली पाहिजे, आणि नवऱ्याच्या शब्दांत, "चालवताना झोप येऊ नये." वेळ २०२५ च्या सप्टेंबरअखेरची. २२ सप्टेंबरपासून नवे जीएसटी दर लागू झाले होते. चार मीटरहून लांब आणि दीड लिटरपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर आधी २८ टक्के कर आणि वर १७ टक्के सेस होता. त्या जागी सरळ ४० टक्के आला. त्यामुळे महिन्यापूर्वी हाताबाहेरची वाटणारी दीड लिटर टर्बो इंजिनं बजेटच्या उंबरठ्यावर आली.

"स्पोर्टी" म्हणजे नेमकं काय

या शब्दाची फोड केल्याशिवाय शोरूममध्ये पाऊल टाकू नये, कारण तिथे या शब्दाचा अर्थ सीटच्या शिलाईचा लाल दोरा, काळं छत आणि मोठी चाकं असा घेतला जातो. या गृहस्थांना पोलोत जे आवडत होतं ते विचारून कागदावर उतरवलं, तर तीन गोष्टी निघाल्या. ताशी साठवरून नव्वदला जाताना इंजिन लगेच ओढतं. वळणावर गाडी एकदाच झुकते आणि तिथेच थांबते, हेलकावत नाही. आणि स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं कुठे आहेत ते हाताला कळतं. या तिन्हींत लाल दोऱ्याचा कुठे संबंध नाही.

चाकांच्या इंचांचं तर गणितच मांडावं. टायरवरचे पहिले दोन आकडे गुणले की रबराच्या कडेची उंची निघते. २०५/५५ आर१६ म्हणजे २०५ चे ५५ टक्के, सुमारे ११३ मिलिमीटर. २१५/६० आर१७ म्हणजे १२९. आणि अठरा इंची २१५/५५ आर१८ म्हणजे ११८. म्हणजे दिसायला दणकट अठरा इंची चाकावर सोळा इंचीपेक्षा पाच मिलिमीटर जास्तच रबर आहे. "मोठं चाक म्हणजे बाळाला धक्के" हे म्हणणं यामुळे अर्धंच खरं ठरतं; बाकीचं सस्पेन्शन ठरवतं आणि ते कागदावर कळत नाही, खड्ड्यात कळतं.

ताकदीबद्दल एवढंच, की घाटात बाळ, आजी आणि भरलेली डिकी असताना उपयोगी पडतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, आणि तोही खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना. फोक्सवागन आणि स्कोडाचं दीड लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन १५० पीएस आणि २५० एनएम देतं आणि हा टॉर्क १६०० पासून ३५०० आरपीएमपर्यंत मिळतो. ह्युंदाईचं दीड लिटर टर्बो १६० पीएस आणि २५३ एनएमचं. घरगुती वापरात या दोघांतला दहा पीएसचा फरक कुणालाही जाणवणार नाही.

सीट आधी

गाडी निवडण्याआधी बाळाची सीट निवडली, हाच या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय. बहुतेक जण उलटं करतात. गाडी येते, मग सीट येते, मग कळतं की सीटचा टेकू नीट टेकतच नाही किंवा पुढचा माणूस दुमडून बसतो.

अमेरिकेतल्या मावशींनी त्यांच्या नातवाची जुनी सीट पाठवायची तयारी दाखवली होती. ती नम्रपणे नाकारली, आणि योग्य केलं. अमेरिकन सीट तिथल्या नियमांप्रमाणे तपासलेली असते आणि बऱ्याचदा ती कडक दांड्यांऐवजी पट्ट्याने खालच्या हुकांना अडकवायची असते. आपल्याकडे एआयएस-०७२ किंवा युरोपातल्या आर४४, आर१२९ या नियमांत बसणारी सीट घ्यावी. शिवाय वापरलेल्या सीटने कधी अपघात पाहिला आहे का, हे प्लॅस्टिककडे बघून सांगता येत नाही.

निवडली ती आर१२९ ची, ४० ते १०५ सेंटिमीटर उंचीच्या मुलांसाठीची, आयसोफिक्सवर, म्हणजे गाडीच्या सीटच्या फटीतल्या दोन पक्क्या दांड्यांवर बसणारी, खाली टेकू असलेली आणि दाराकडे फिरणारी. किंमत २८ हजार, आणि ती गाडीच्या बजेटमध्येच धरली. आर१२९ प्रमाणे पंधरा महिन्यांपर्यंत बाळाचं तोंड मागेच हवं; जमेल तितकं पुढेही तसंच ठेवावं. लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची. समोरून धडक झाली की मागे तोंड असलेल्या बाळाची पाठ, मान आणि डोकं एकदम सीटच्या टणक पाठीत दाबलं जातं. पुढे तोंड असेल तर धड पट्ट्यात अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं.

वजनाची एक मर्यादा दुकानदार सहसा सांगत नाही. आयसोफिक्सवर सीट आणि मूल मिळून ३३ किलोपर्यंतच भार धरलेला असतो. ही फिरणारी सीट १४ किलोची, म्हणजे मूल १९ किलोचं होईपर्यंत ती दांड्यांवर चालेल. फिरण्याची सोय सीटचं वजन वाढवते, आणि तेवढी वर्षं कमी करते.

जागा ठरली मागची डावी. आपल्याकडे फूटपाथ डावीकडे, त्यामुळे बाळाला उतरवताना माणूस रहदारीत उभा राहत नाही. पुढच्या सीटवर, जिथे एअरबॅग चालू आहे, तिथे मागे तोंड केलेली सीट कधीही लावायची नाही. एअरबॅग फुटते ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे.

आणि कायदा विचारणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९४ब चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाळाची सीट न लावल्यास एक हजार रुपये दंड सांगतं. मांडीवर घेऊन पुढे बसलेली आई हे दृश्य रोज दिसतं, म्हणून ते चालतं असं नाही.

शोरूममध्ये सीट घेऊन जाणं

पाच गाड्या पाहिल्या. तीन सेडान: फोक्सवागन व्हर्चस, स्कोडा स्लाव्हिया आणि ह्युंदाई व्हर्ना. दोन उंच: फोक्सवागन टायगून आणि ह्युंदाई क्रेटा एन लाइन. वापरलेली ऑक्टाव्हिया हा सहावा पर्याय यादीत होता. डिकी ६०० लिटरची, इंजिन दोन लिटर १९० पीएसचं, मनातून सगळ्यांना तीच हवी होती. पण वॉरंटी संपलेली आणि सुट्या भागांचा खर्च महागड्या गाडीचा, म्हणून बाळाच्या पहिल्या वर्षी नको असं ठरलं. (पुढच्याच महिन्यात नवी ऑक्टाव्हिया आरएस देशात आली, २६५ पीएसची. गाड्या शंभर, किंमत ४९.९९ लाख, आणि बाजारात येण्याआधीच सगळ्या संपल्या. तेव्हा तो विषय आपोआप मिटला.)

तपासणी शोरूममधल्या चकाकत्या गाडीत करू नये. तिच्या सीटवर प्लॅस्टिक असतं, त्यावर सीट घसरते आणि अंदाज चुकतो. टेस्ट ड्राइव्हची गाडी मागावी, ती उन्हात उभी असली तरी. क्रम असा ठेवला:

आधी मागच्या डाव्या सीटच्या फटीत बोटं घालून आयसोफिक्सच्या दोन दांड्या शोधायच्या. त्या एकमेकींपासून २८ सेंटिमीटरवर असतात. काही गाड्यांत त्या फोमच्या इतक्या आत असतात की सीटच्या नांग्या पोचायला अंगाचा जोर लावावा लागतो. नांग्या बसल्या की "टक्" आवाज येतो आणि हिरवी खूण दिसते. दोन्ही बाजूंची. एकच हिरवी असेल तर सीट बसलेली नाही. मग खालचा टेकू जमिनीवर घट्ट टेकेल इतका लांब करायचा. तो अधांतरी राहू नये आणि इतकाही दाबू नये की सीटची बैठक वर उचलली जाईल. गाडीच्या तळात झाकणाचा कप्पा असेल तर टेकू त्या झाकणावर टेकवायचा नाही.

सीट बसल्यावर पाठीचा कल बघायचा. नवजात बाळाला साधारण ४५ अंश लागतात. सरळ सीटवर हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाचा मार्ग दबतो. हा सगळ्यांत कमी पाहिला जाणारा आणि सगळ्यांत गंभीर दोष.

मग माणसं. आजी पुढे डावीकडे, नवरा स्वतःच्या मापाला सीट लावून चालकाच्या जागी (उंची १८० सेंटिमीटर), बायको त्याच्या मागे. आजींचं पहिलं वाक्य, "माझं काय, मी कुठेही बसेन." हे वाक्य मोजमापात धरू नये. त्यांना बसवलं, पाच मिनिटं बसू दिलं आणि मग उतरायला सांगितलं. सेडानमधून उतरताना त्यांनी दाराच्या कडेला धरलं, दुसरा हात मुलाच्या खांद्यावर ठेवला आणि एका दमात उठता आलं नाही. उंच गाडीतून त्या आपल्या आपण उतरल्या. पन्नास पानी माहितीपत्रकात हे कुठेच नसतं.

शेवटी बाबागाडी आणि सामान. घरची बाबागाडी मावशींनीच आणलेली, मोठ्या चाकांची. मिटल्यावर ८५ बाय ५५ बाय ३५ सेंटिमीटर. तिच्यासोबत एक मध्यम सुटकेस, बाळाची पिशवी आणि बाटल्या उकळायचं यंत्र एवढं डिकीत घालून झाकण लावून बघायचं. लिटरचा आकडा इथे फसवतो. व्हर्चस आणि स्लाव्हियाची डिकी ५२१ लिटरची, व्हर्नाची ५२८. पण सेडानच्या डिकीचं तोंड अरुंद आणि वरून दबलेलं, त्यामुळे बाबागाडी आडवी करून, तिरकी घालून आत सरकवावी लागली. गेली मात्र सहज, आणि उरलेलं सगळं तिच्याभोवती. क्रेटाची ४३३ लिटरची डिकी पसरट. बाबागाडी बसली, सुटकेस तिच्यावर ठेवावी लागली. टायगूनच्या ३८५ लिटरमध्ये बाबागाडी बसली आणि सुटकेस बाहेर राहिली.

एकाच पिठाच्या दोन भाकऱ्या

व्हर्ना पहिल्या फेरीत गळली. ग्लोबल एनकॅप या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत तिला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी पाच-पाच तारे मिळाले, मुलांचे गुण ४९ पैकी ४२. पण त्याच अहवालात गाडीचा सांगाडा अस्थिर ठरला. ज्या गाडीत उद्या तीन पिढ्या बसणार, तिच्याबाबत ही तळटीप ताऱ्यांपेक्षा मोठी मानली. याबद्दल कुणाचं मत वेगळं असू शकतं.

क्रेटा एन लाइन शेवटपर्यंत होती. मागची रुंदी तिची सर्वांत जास्त आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक, जे तेव्हा व्हर्चस आणि टायगूनला नव्हते. त्यांना मागे ड्रम. क्रेटाला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने दिलेले तीन तारे आधीच्या मॉडेलचे, ते या गाडीला चिकटवले नाहीत. ती हरली ती चालवणाऱ्याच्या हातामुळे: महामार्गावर तिचं स्टिअरिंग त्याला पोलोइतकं बोलकं वाटलं नाही. ही आवड झाली, दोष नव्हे. पण गाडी स्पोर्टी हवी असं म्हटल्यावर आवडीला गुण द्यायलाच हवेत. ज्यांच्या घरात मागे बाळाच्या सीटशेजारी दोन मोठी माणसं नेहमी बसणार, त्यांनी मात्र क्रेटाच घ्यावी.

उरल्या व्हर्चस आणि टायगून. (स्कोडाच्या स्लाव्हिया आणि कुशाक या त्यांच्याच सख्ख्या बहिणी, जे इथे लिहिलं ते बहुतेक त्यांनाही लागू.) ही तुलना फार सोयीची आहे, कारण दोन्हींचा पाया एक, इंजिन एक, सातगिअरी डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स एक, आणि व्हीलबेसही (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) एकच, २६५१ मिलिमीटर. ग्लोबल एनकॅपचे तारेही दोघींना पाच-पाच आणि मुलांचे गुण दोघींचे ४२. त्यामुळे प्रश्न शुद्ध होतो: सेडान की उंच गाडी, बाकी सगळं समान.

फरक कागदावर असा. व्हर्चस ४५६१ मिलिमीटर लांब, टायगून ४२२१. म्हणजे ३४ सेंटिमीटर, आणि ते जवळजवळ सगळे डिकीत गेलेले. उंची १५०७ विरुद्ध १६१२, साडेदहा सेंटिमीटर. जमिनीपासूनची उंची १७९ विरुद्ध १८८.

चालवताना व्हर्चस उजवी, यात वाद नाही. जुन्या कात्रज घाटात दोन्ही गाड्या एकाच वेगाने नेल्या. डावी-उजवी वळणं पाठोपाठ आली की व्हर्चस अंग आवरून घेते, टायगून क्षणभर विचार करते. पण टायगूनही पोलोपेक्षा किती ओढते हे कळल्यावर नवऱ्याचा चेहरा सैल झाला.

मग बेसमेंट. सोसायटीची जागा अडीच बाय पाच मीटर, एका बाजूला खांब. साडेचार मीटरची सेडान लावली की डिकी उघडून मागे उभं राहायला जागा उरत नाही. टायगूनमागे माणूस उभा राहू शकतो. खांबामुळे मागचं डावं दार मात्र दोन्हींत अर्धंच उघडत होतं. यावर गाडी बदलायची गरज नव्हती: रिव्हर्स घालून उभी केली की डावी बाजू मोकळ्या अंगाला येते. फिरणारी सीट दाराकडे वळवायला दार पूर्ण उघडावंच लागतं, म्हणून ही रिव्हर्सची सवय आता कायमची.

आणि निकाल लावणारी गोष्ट वाकण्याची. बायकोचं सिझेरियन झालेलं. सहा महिन्यांनंतर बाळ पाळणाघरात जाणार आणि ने-आण तीच करणार. सकाळी घालणं, काढणं, संध्याकाळी घालणं, काढणं: दिवसाला चार वेळा, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर शंभर, वर्षाला बाराशे. आज बाळ पाच किलोचं, दोन वर्षांनी बाराच्या घरात. सेडानमध्ये प्रत्येक वेळी दाराच्या वरच्या कडेखाली डोकं घालून, कंबरेत वाकून, हात लांब करून हे वजन पेलायचं. टायगूनमध्ये सीटची बैठक तिच्या पोटाच्या उंचीला येते आणि पाठ जवळपास सरळ राहते. शोरूममध्ये तिने बाळाऐवजी पाच किलोची तांदळाची पिशवी घेऊन दहा वेळा आत-बाहेर केलं. सेल्समन बघत राहिला. सातव्या खेपेनंतर तिने व्हर्चसकडे पाहिलंही नाही.

निवड टायगून, दीड लिटर, डीएसजी. बाबागाडी विकली. तिच्या जागी विमानाच्या केबिनमध्ये मावेल अशी लहान मिटणारी घेतली, सात किलोची. ३८५ लिटरमध्ये ती उभी राहते आणि शेजारी सुटकेस बसते. गाडीचा आकार बाबागाडीने ठरवायचा नाही. बाबागाडी बारा हजारांत बदलते.

गिअरबॉक्सबद्दल

नवऱ्याला मॅन्युअल हवी होती. पण गाडी आठवड्यातले पाच दिवस सिंहगड रोडच्या गर्दीत बायको चालवणार, आणि ऑपरेशननंतरचे पहिले महिने क्लच दाबणं म्हणजे पोटावर ताण. पॅडल शिफ्टर्सवर, म्हणजे स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पट्ट्यांवर, तडजोड झाली.

या सातगिअरी डीएसजीत कोरडे क्लच आहेत, तेलात बुडालेले नाहीत. त्यामुळे एक शिस्त लागते. गर्दीत समोरची गाडी हातभर सरकली की आपण हातभर सरकायचं, असं केलं तर क्लच अर्धवट पकडीत घासत राहतो आणि तापतो. एक गाडी मावेल एवढी जागा होऊ द्यावी, मग ब्रेक पूर्ण सोडून पुढे जावं. चढावर अॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवायची नाही, ब्रेकने धरायची. धक्के, जळका वास, इशाऱ्याचा दिवा या तक्रारींमागे बऱ्याचदा हीच सवय असते.

टेस्ट ड्राइव्हला म्हणूनच रिकामा महामार्ग पुरत नाही. निदान पंधरा मिनिटं रांगणाऱ्या गर्दीत, एकदा बेसमेंटच्या उतारावर थांबून पुन्हा निघणं, आणि बेढब गतिरोधकांच्या रस्त्यावर ताशी वीस-पंचवीसने, मागे कुणीतरी बसलेलं असताना. पुढे बसणाऱ्याला मागच्या सीटचे धक्के कळत नाहीत.

पैसे

एक्स-शोरूम १७ लाख धरून हिशोब मांडला. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा ते वीस लाखांत १२ टक्के रोड टॅक्स: २ लाख ४ हजार. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस (विक्रेता आपल्याकडून आधीच गोळा करतो तो आयकर): १७ हजार, जे आयकर विवरणपत्रात परत मागता येतात आणि बरेच जण विसरतात. वर विमा, फास्टॅग, नोंदणी. विमा बाहेरून घेता येतो. डीलरचा आकडा आणि बाहेरचा आकडा दोन्ही मागवावेत.

अॅक्सेसरीजच्या यादीतून मॅट सोडून सगळं काढलं, विशेषतः सीट कव्हरं. आग्रह त्यांचाच जास्त होतो. पुढच्या सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर बाहेरून चढवलेलं जाड कव्हर तिला अडवतं. मागच्या सीटवरचं कव्हर आयसोफिक्सच्या दांड्या झाकतं. काळ्या काचांचा प्रश्नही निघाला. फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली. बाळाच्या बाजूला काढता-घालता येणारी जाळी पुरते.

गाडी आल्यावर

पहिल्याच आठवड्यात आजींनी डॅशबोर्डवर गणपती चिकटवला. पितळी, वितभर, आणि नेमका त्यांच्या समोर, एअरबॅगच्या झाकणावर. एअरबॅग फुटली तर तो त्यांच्याच तोंडावर आला असता. समजावून मधल्या भागात आणला, आणि पितळीऐवजी हलका घेतला.

दुसरी चूक पट्ट्यांची. थंडी पडली तसं बाळाला जाड स्वेटर घालून सीटमध्ये बसवलं. पट्टे घट्ट दिसत होते. स्वेटर काढून तेवढ्याच लांबीत लावले तर खांद्याजवळ मूठभर जागा निघाली. धडकेत स्वेटर दबतो आणि तेवढी ढील बाळाला मिळते. पातळ कपडे, पट्टे घट्ट, मग वरून दुपटं, हा क्रम. घट्टपणा बघायची रीत: खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरायचा. चिमटीत दुमड आली तर सैल. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघायला हवेत.

पाठीमागच्या काचेजवळच्या ट्रेवर छत्री, थर्मास, पाण्याची स्टीलची बाटली ठेवायची पोलोतली सवय मोडावी लागली. सेडानमध्ये सामान वेगळ्या कप्प्यात असतं. उंच गाडीत ते बाळाच्या डोक्यामागेच असतं. जड वस्तू डिकीच्या तळाशी, सीटच्या पाठीला चिकटवून.

चिपळूणचा पहिला प्रवास बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर केला. अगदी लहान बाळाला सीटमध्ये अर्ध्या तासाच्या वर ठेवू नये, आणि मोठं झाल्यावरही सलग दोन तासांच्या वर नाही. म्हणून साताऱ्याला एक, पाटणला एक आणि कोयनानगरला एक असे थांबे, प्रत्येक वेळी बाळ सीटबाहेर, पाठ सरळ. दूध थांबल्यावरच. धावत्या गाडीत बाळाला पट्ट्यातून काढून पाजणं हे कुंभार्ली घाटात सर्रास दिसतं. घाट उतरताना गाडी एस (स्पोर्ट) मोडमध्ये ठेवली. गिअर खाली राहतो आणि ब्रेकवरचा भार कमी होतो. निघण्याआधी टायरची हवा चार माणसं आणि सामान यांच्या तक्त्याप्रमाणे भरून घेतली, चालकाच्या दाराजवळच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या चिठ्ठीवर असते ती. शहरातल्या हवेवर भरलेली गाडी वळणावर मऊ पडते, आणि मग दोष सस्पेन्शनला दिला जातो.

मे महिन्यात परतताना आंब्याच्या दोन पेट्या आणायच्या होत्या. बाबागाडी, सुटकेस आणि पिशवीसोबत डिकीत एकच बसली. दुसरी आजींच्या पायाशी ठेवायचं सासरेबुवांनी सुचवलं, पण पुढच्या सीटवर लाकडी पेटीत पाय अडकवून घाट चढायचा नाही, म्हणून ती मागाहून कुणाच्या तरी हाती पाठवायचं ठरलं. व्हर्चस असती तर दोन्ही बसल्या असत्या.